पासंगालाही न पुरणारा चॅम्पियन

काटेवाल्यांचा सगळा दिवस तोलण्यामापण्यात जायचा, त्यामुळे बोलण्यासाठी तो गुण त्यांच्याकडे शिल्लकच राहत नसे.

बाजाराच्या मागच्या गल्लीत, न्हाव्याच्या दुकानाला लागून त्यांचं दुकान होतं. वजनकाटे दुरुस्त करण्याचं. आत शिरताना अंग चोरावं लागे, कारण दोन्ही बाजूंना काटे दाटीवाटीनं बसलेले: किराणावाल्यांचे, भंगारवाल्यांचे, दवाखान्यातले बाळं तोलायचे, आणि काचेच्या पेटीतला एक सोनाराचा, ज्याच्याजवळ काटेवाले श्वाससुद्धा बेतानं घेत. भिंतीवर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती: ‘तोलण्याआधी रिकामा काटा बघा’. त्यांच्या मते जगातली निम्मी भांडणं ही पाटी न वाचल्यामुळे होत, आणि उरलेली निम्मी वाचूनही न कळल्यामुळे.

घरीही तेच. गॅसची टाकी आली, तोला. बायको माहेराहून आली, तिची पिशवी तोला. “लग्न होऊन आले तेव्हा मलाही तोललं होतं यांनी,” ती पाहुण्यांना सांगे. “‘बावन्न किलो दोनशे,’ म्हणून सासूबाईंना हाक मारून सांगितलं आणि मग चहा मागितला.” पाहुणे हसत. काटेवाल्यांना त्यात हसण्यासारखं काय ते कळत नसे. बावन्न दोनशेच होती.

त्यांचा आवडता शब्द होता पासंग. काट्यावर काही नसताना दांडी एका बाजूला कलत असेल, तर हलक्या बाजूला शिशाचा तुकडा बांधून ती सरळ करतात. तो तुकडा म्हणजे पासंग. अमका तमक्याच्या पासंगालाही पुरत नाही, असं आपणही म्हणतो, पण आपण ते ऐकीव म्हणतो. काटेवाले खिशातून शिशाचा तुकडा काढून आधी समोरच्याच्या हातावर ठेवत, त्याला वजन जाणवू देत, आणि मग म्हणत, “ह्याला. ह्याला पुरत नाही तो.”

‘तो’ म्हणजे चॅम्पियन.

चॅम्पियन याच शहरात वाढलेला. सत्तावीस वर्षांपूर्वी इथल्याच हॉलमध्ये, साठ किलोच्या गटात त्यानं बॉक्सिंगचं पहिलं मोठं अजिंक्यपद घेतलं आणि मग देशोदेशी नाकं फोडत हिंडला. आता त्याच्या नावाचा चौक होता, बसथांबा होता, आणि छातीवर हात बांधून तो भिंतीभिंतीवरून बनियन विकत होता. सगळं शहर त्याला डोक्यावर घेऊन नाचत असे. काटेवाल्यांचं डोकं तेवढं मोकळं होतं.

याला कारण होतं. त्या पहिल्या सामन्याआधी हॉलमधला काटा दुरुस्त करायला काटेवाल्यांनाच बोलावलं होतं. चार दिवस खपून त्यांनी तो जुना लोखंडी काटा असा लावून दिला, की माशी बसली तर दांडी हलावी. सामन्यानंतर सत्कार झाला. काटेवाले इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या रांगेत. चॅम्पियननं आभार मानले: उस्तादांचे, आईचे, हाडवैद्याचे, दूधवाल्याचे, आणि ज्यानं चड्डीत नवं इलास्टिक घातलं त्या शिंप्याचेसुद्धा. शिंपी उभा राहिला, टाळ्या पडल्या. काटेवाले खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते, ते तसेच बसून राहिले. महिन्याभरात हॉलनं तो काटा भंगारात काढून बॅटरीवरचा घेतला.

त्या रात्रीपासून चॅम्पियनचा डावा हात कमकुवत झाला. त्याचं पदलालित्य म्हणजे नुसतं नाचणं ठरलं. त्याच्यासमोर आलेले सगळे एकतर म्हातारे निघाले, नाहीतर जुलाबानं हैराण.

हे सगळं चाले न्हाव्याच्या दुकानात, आणि समोर असे काटेवाल्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. शाळेत ड्रिल मास्तर. त्याच्याकडे चॅम्पियनबरोबरचा एक फोटो होता. त्यात चॅम्पियनचं कोपर आणि मास्तरचा अर्धा कान आला होता; फ्रेम मात्र पूर्ण मापाची होती.

“दाजी, तुम्ही उभ्या आयुष्यात कुणाला ठोसा मारलाय का?” मास्तर विचारी.

“सोनार काय दागिने घालून बसतो का? पण खोटा ओळखतो ना?”

“एकसष्ट लढती जिंकलाय तो.”

“कुणाशी? ते सांग. तोलण्याआधी रिकामा काटा बघावा माणसानं. समोर कोण होतं?”

“समोर तुम्ही नव्हतात, एवढं नक्की.”

न्हावी दोघांचीही दाढी करायचा आणि दोघांनाही “बरोबर आहे” म्हणायचा. गळ्याशी वस्तरा असताना माणसाला विरोध करू नये, तो हलतो, असं त्याचं धंद्यातलं ज्ञान होतं.

पण सत्तावीस वर्षं तेच ते ऐकून न्हाव्याचेही कान किटले. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर महिन्याला रविवारी सकाळी वादसभा भरे, आणि तिचा कारभार न्हाव्याकडे होता. त्यानं फळ्यावर विषय लिहून टाकला: ‘चॅम्पियन: खरा किती आणि चढवलेला किती?’ अनुकूल: ड्रिल मास्तर. प्रतिकूल: काटेवाले. अध्यक्ष: स्वतः.

“एकदाचा काय तो निकाल लावा,” तो म्हणाला. “हरेल त्यानं माझ्या दुकानात परत हा विषय काढायचा नाही. लिहून घेईन.”

आता आली पंचाईत. न्हाव्याच्या दुकानात बोलणं वेगळं आणि सत्तर खुर्च्यांपुढे बोलणं वेगळं. काटेवाल्यांना तो विषय सोडून दुसरा नव्हता. हरले असते तर दाढी करताना करायचं काय? ते कामाला लागले. तीन आठवडे वहीत मुद्दे काढले. रद्दी तोलता तोलता बायकोला ऐकवले. तिनं भाजी निवडता निवडता ऐकले.

“शेवटी काय म्हणाल?” तिनं विचारलं.

“शेवटी पासंग काढून टेबलावर ठेवणार. टक्‌ असा आवाज होईल. मग म्हणणार, ह्याला. ह्याला पुरत नाही तो.”

“बरं वाटेल ते,” ती म्हणाली. सत्तावीस वर्षं ती हे ‘बरं’ वापरत होती, आणि ते कुठल्या बाजूला कलतं हे काटेवाल्यांना अजून कळलेलं नव्हतं.

वादसभेच्या रविवारी सकाळी ते दाढी आटोपून आंघोळीला निघाले, तेवढ्यात बायकोनं पेपर उघडून हाक मारली. “अहो, थांबा. तुमच्या त्याची मुलाखत आलीय. पानभर.”

“माझा कुठला? वाच.”

ती वाचू लागली. पोरपण, उपासमार, उस्तादांचा मार. काटेवाले खांद्यावर टॉवेल टाकून “हं, हं, पुढे” करत राहिले. मग ती थांबली, आणि पुढचं सावकाश वाचलं.

“‘नशिबावर विश्वास आहे का, या प्रश्नावर ते म्हणाले: पहिल्या अजिंक्यपदाच्या आदल्या दिवशी उस्तादांच्या घरच्या काट्यावर मी साठ किलो सहाशे भरलो होतो. गटातून बाद होणार हे कळून चुकलं होतं. दुसऱ्या दिवशी हॉलच्या काट्यानं मला बरोबर साठ दाखवलं. मी कुणाला काही बोललो नाही. तिथे अडलो असतो तर आज बाजारात पोती उचलत असतो. त्या काट्याचे, आणि ज्यानं तो लावला त्या माणसाचे आभार मानायचे राहून गेले. ते आज मानतो.’”

काटेवाल्यांनी टॉवेल हवेत उडवला. “सहाशे ग्रॅम. ऐकलंस? सहाशे ग्रॅम जास्त. आता बोल म्हणावं तुझ्या भावाला. अजिंक्यपदच खोटं. अगं, मी सत्तावीस वर्षं काय सांगतोय?”

“आणि आभारही मानले की तुमचे,” बायको म्हणाली.

“मानणारच. मानायलाच...” काटेवाल्यांचं वाक्य मध्येच थांबलं. टॉवेल अजून खाली यायचा होता. “माझे कशाला?”

“हॉलचा काटा लावला कुणी?”

ते बसले. मग उठले. “उस्तादांच्या घरचा काटा खोटा असणार. घरगुती काट्यांचं काही खरं नसतं.”

“तोही तुम्हीच लावून दिला होता. त्यांच्या बाळंतपणाला आलेल्या मुलीसाठी. मी होते बरोबर.”

काटेवाले आंघोळीला गेले. चार तांबे डोक्यावर ओतले. माझा काटा आणि सहाशे ग्रॅम? सहा ग्रॅम म्हणाला असता तरी त्यांनी त्याला गल्लीत थांबवून जाब विचारला असता. पाचवा तांब्या ओतून ते बाहेर आले, आणि न्हाणीच्या दाराशी नेहमीसारखे पाय पुसायला उभे राहिले. पायाखालची वाळू सरकायची, तर तिथे वाळू नव्हती. जाड, काळी, चौकोनी रबरी चटई होती.

ते तिच्याकडे बघत राहिले. पाण्याचे थेंब तिच्यावर टपटपत राहिले.

त्या सामन्याच्या वेळी थंडीचे दिवस होते. काट्याच्या गार लोखंडी पत्र्यावर अनवाणी चढायला पोरं कुरकुरत, म्हणून काटेवाल्यांनी मापानं कापून ही चटई पत्र्यावर टाकली होती. चटईचं वजन भरून निघावं म्हणून दांडीच्या दुसऱ्या टोकाला पासंग चढवला होता. चटईसकट दांडी सरळ. अचूक. मग सामन्याच्या आदल्या दिवशी कुणीतरी चिखलाचे बूट घेऊन तिच्यावर चढलं. असली घाण चटई काय ठेवायची म्हणून काटेवाले ती धुवायला घरी घेऊन आले. सकाळी पोचवतो म्हणाले. सकाळी भंगारवाल्याचा काटा अडकला, तिकडे गेले. हॉलवर पोचले तेव्हा तोलणं उरकून पोरं जेवायला गेली होती. चटई घरी कपड्यांच्या दांडीवर वाळत राहिली. पासंग तिकडे काट्याच्या दांडीला लटकत राहिला. आणि तोलण्याआधी रिकामा काटा बघायची कुणाला गरज वाटली नाही.

त्यांनी चटई उचलली, निथळवली, पुसली आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर गुंडाळून ठेवली. पाचशे ऐंशी.

“झिजली असेल वीसेक ग्रॅम,” मागून बायको म्हणाली. “सत्तावीस वर्षं चार माणसांचे पाय पुसलेत तिनं.”

“तुला ठाऊक होतं?”

“मला एवढं ठाऊक होतं की चटई हॉलची आहे आणि परत द्यायची राहिलीय. पुढचं तुमचं शास्त्र. मला कधी कुणी विचारलं?”

काटेवाल्यांनी चटई जागेवर नेऊन टाकली आणि कपडे घातले. इस्त्रीचा शर्ट घालताना बटणं एक खाली एक वर लागली. बायकोनं ती सोडून नीट लावून दिली.

“काय बोलणार मग?”

“बोलेन काहीतरी,” ते म्हणाले, आणि मुद्द्यांची वही घरी विसरून गेले.

वाचनालयाची खोली भरली होती. सगळ्यांनी पेपर वाचलेला. ड्रिल मास्तर पहिल्या रांगेत असा बसला होता, जणू त्याच्या घरातलं माणूस पोलिसांनी नेलंय. नेहमी काटेवाल्यांना टोमणे मारणारे दोघेतिघे आज हात दाबून गेले. “मानलं बुवा तुम्हाला. सत्तावीस वर्षं एकटे बोलत होतात.” सत्तावीस वर्षांत काटेवाल्यांच्या शब्दाला एवढं वजन कधी आलं नव्हतं, आणि त्यांना ते उचलवत नव्हतं. बायको तिसऱ्या रांगेत येऊन बसली. तिच्या मांडीवर कापडी पिशवी होती.

न्हाव्यानं टेबलावर टकटक केलं. “प्रतिकूल पक्षानं सुरुवात करावी. तसं तुमचं पारडं आज जडच आहे, काटेवाले. थोडक्यात उरका, दोन दाढ्या खोळंबल्यात.”

काटेवाले उभे राहिले. खिशात हात घातला. पासंग बोटांना लागला. तो त्यांनी तिथेच ठेवला.

“मी विचार केला,” ते म्हणाले. “चॅम्पियन हा खरा चॅम्पियन आहे.”

खोलीत खुर्च्या करकरल्या. मास्तरनं मान वर केली.

“साठ किलो म्हणजे साठच होता तो. हॉलचा काटा साठ म्हणाला, विषय संपला. आता हे मुलाखतीतलं. मोठी माणसं विनयानं काहीबाही बोलतात. शिवाय त्याला वजनातलं काय कळतं? ठोसा मारणं वेगळं आणि काटा वाचणं वेगळं. वाचनात चूक झाली असेल. वजनाच्या बाबतीत त्याला उगाच डोक्यावर घेऊ नका.”

मास्तर ताडकन उठला. “दाजी, चॅम्पियन खोटं बोलतो असं म्हणायचंय तुम्हाला?”

“चुकला म्हणतोय.”

“तो चुकत नाही. तो सहाशे ग्रॅम जास्त होतो म्हणाला म्हणजे होता जास्त.”

“अरे, मी तुझ्या बाजूनं बोलतोय.”

“मला नकोय तुमची बाजू. तो जास्तच होता. जास्त असून सांगितलं, हाच त्याचा मोठेपणा.”

“नव्हता जास्त.”

“होता.”

सत्तावीस वर्षं चॅम्पियनला उचलून धरणारा आता तो वजनात बसत नव्हता म्हणून हमरीतुमरीवर आला होता, आणि सत्तावीस वर्षं त्याला खाली पाडणारा त्याच्यासाठी जिवाचं रान करत होता. न्हाव्यानं फळ्याकडे बघितलं, मग दोघांकडे, आणि ‘अनुकूल’ खोडून ‘प्रतिकूल’ लिहावं की काय या विचारात खडू हातात घेऊन उभा राहिला.

“मग काय तर,” मास्तर हात नाचवत म्हणाला, “काटाच भंगार होता. उगाच का महिन्याभरात भंगारात गेला? डबडं होतं ते डबडं.”

एवढं नको होतं बोलायला. काटेवाल्यांना कुणी हलक्या कानाचे म्हटलं, हेकट म्हटलं, त्यांनी पचवलं असतं. त्या काट्याची दांडी त्यांनी चार दिवस पॉलिशनं घासली होती. त्याच्या सुऱ्या, ज्यांवर दांडी तोलून राहते, त्यांनी स्वतःच्या हातानं धार लावून बसवल्या होत्या.

“काट्याला नावं ठेवायची नाहीत,” ते ओरडले. “माशी बसली तर हलायचा तो काटा. काटा अचूक होता. त्याच्यावर चटई नव्हती, त्याला काटा काय करणार?”

न्हाव्यानं खडू खाली ठेवला.

“कसली चटई?” न्हाव्यानं विचारलं.

काटेवाल्यांनी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. बायकोनं पिशवीची घडी उलगडली होती, पण आतलं काही बाहेर काढलं नव्हतं. ती वाट बघत होती. काढायची तर तुम्ही काढा, अशी.

काटेवाले तीन पावलं चालून गेले, पिशवीतून चटई काढली आणि टेबलावर ठेवली. तिच्याशेजारी खिशातला पासंग ठेवला. टक्‌ असा आवाज झाला, ठरवल्याप्रमाणे. मग त्यांनी सगळं सांगितलं: गार पत्रा, चिखलाचे बूट, भंगारवाल्याचा अडकलेला काटा. बोलताना पहिल्यांदाच ते एकेक शब्द तोलत होते, त्यामुळे फार वेळ लागला. दोन दाढ्या खोळंबूनच राहिल्या.

“म्हणजे काटा सहाशे ग्रॅम कमी दाखवत होता,” न्हावी शेवटी म्हणाला.

“सहाशे.”

“सगळ्यांनाच?”

“जो चढेल त्याला.”

“म्हणजे फायनलला समोर जो होता, तोही त्याच काट्यावर चढला. तोही सहाशे हलका भरला.”

“तोही.”

“मग रडतंय कोण?” न्हावी म्हणाला, आणि बऱ्याच वेळानं खोलीत कुणीतरी हसलं.

मास्तर टेबलाजवळ येऊन चटईकडे बघत उभा होता. त्यानं एका बोटानं ती दाबून पाहिली. “दाजी, म्हणजे ताईकडे आलो की मी हिच्यावर पाय पुसत होतो?”

“सगळेच पुसत होतो,” बायको म्हणाली. “दे इकडे. दुपारी धुणं आहे, दाराशी घसरायला होतं.”

न्हाव्यानं निकाल दिला तो असा: विषय कुणीच जिंकला नाही, सबब दुकानात बोलायला दोघांनाही मोकळीक.

काटेवाल्यांना धास्ती होती की आता धंदा बसणार. सोमवारी त्यांनी दुकान उघडलं तेव्हा पहिलं गिऱ्हाईक किराणावाला होता. काटा खाली ठेवत तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, “चटईसकट लावा हो.” मग भंगारवाला आला. मग दवाखान्यातली नर्स, “बाळाचं दुपटं धरून की सोडून?” आठवड्याभरात गल्लीत त्यांना चटईवाले म्हणू लागले, आणि काम मात्र पूर्वीइतकंच येत राहिलं. लोकांना चूक कबूल करणारा काटेवाला परवडला असावा. किंवा दुसरा काटेवाला नव्हता, तेही असेल. भिंतीवरच्या पाटीखाली मात्र त्यांनी आणखी एक ओळ रंगवली: ‘आणि घरी काय नेलं तेही आठवा’.

न्हाव्याच्या दुकानात आजही कुणी नवखं गिऱ्हाईक भिंतीवरच्या बनियनच्या जाहिरातीकडे बघून म्हणतं, “ह्याला उगाच चढवलाय हो लोकांनी.” मास्तर खुर्चीतून उठू लागतो. त्याच्या आधी तोंडाला साबण लावलेले काटेवाले आरशातून त्या माणसाकडे बघतात.

“चढवलाय,” ते म्हणतात. “सहाशे ग्रॅम. त्याच्यावर एक ग्रॅम धरलात, तर हिशेब माझ्याशी.”